खरेदीखत थांबलं, सोयाबीन नाही

इंदूरहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग धार मागे टाकून पश्चिमेला निघाला की सरदारपूर आणि राजगढ ही शेजारशेजारची गावं लागतात. सरदारपूरजवळून मही नदी वाहते, आणि राजगढाला खेटून मोहनखेडा हे जैन तीर्थ आहे. मराठी वाचकाला धार-देवास माहीत असतं ते पवारांच्या गाद्यांमुळे, किंवा १९४८ साली आजारी अवस्थेत देवासला येऊन तिथलेच होऊन गेलेल्या कुमार गंधर्वांमुळे. मांडूचे महाल पाहायला जाणारेही पुष्कळ. राजगढ-सरदारपूरच्या बाजूला मात्र पर्यटक वळत नाहीत, आणि वळले तर त्यांना काय दाखवावं हा प्रश्नच आहे. धबधबा नाही, दाट जंगल नाही. पावसाळ्यात जमिनीच्या हलक्या चढ-उतारांवर गुडघाभर गवत उभं राहतं, आणि या मुलखाचा देखणेपणा तेवढाच.

त्या गवतासाठी, खरं तर त्यात उतरणाऱ्या एका पक्ष्यासाठी, मध्य प्रदेश सरकारनं १९८३ साली इथे ३४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर केलं. ‘गावचं निसर्गसौंदर्य राखायचं की विकास करायचा’ या प्रश्नावर रहिवाशांना काय वाटतं याची चर्चा आपल्याकडे बहुधा सह्याद्रीच्या संदर्भात होते. सरदारपूरच्या लोकांनी हा प्रश्न चाळीस वर्षं अंगावर काढला आहे. त्यांची मतं, त्या मतांमागची कारणं आणि इतरत्र काय घडलं, हे एकत्र मांडून पाहण्यासारखं आहे.

पक्षी म्हणजे खरमोर, आपला तणमोर. माळढोकाच्या कुळातला सगळ्यात छोटा, अंगानं कोंबडीएवढा पण लांब पायांचा. आषाढाच्या सुमाराला तो माळव्यात येतो. नराची मान आणि पोट तेव्हा काळंकुळकुळीत होतं, कानामागून बारीक पिसांचे तुरे निघतात, आणि तो गवतातून सरळ वर उडी मारतो. माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत जातो, पंख फडफडवून बेडकासारखा आवाज काढतो आणि जिथून उडाला तिथेच पुन्हा गवतात बुडतो. दिवसभरात अशा शेकडो उड्या. गवतापलीकडे बसलेल्या मादीला आपण दिसावं एवढाच हेतू. मादी तीन-चार अंडी जमिनीवरच घालते. गवत फार उंच झालं तर नर दिसत नाही, फार खुरटलं तर अंडी झाकत नाहीत. रवी शंकरन या अभ्यासकानं ऐंशीच्या दशकात शेजारच्या रतलाम जिल्ह्यात सैलाना इथे बसून या पक्ष्याचा मोठा अभ्यास केला.

असं मधल्या उंचीचं गवत आपोआप मिळत नाही. माळव्यात राखीव कुरणाला बीड म्हणतात. संस्थानी काळापासून बीडांचा एक शिरस्ता होता: पाऊस पडला की बीड बंद, जनावरं आत सोडायची नाहीत, दसरा-दिवाळीच्या सुमाराला गवत पिकलं की कापणी, मग चराई खुली. हे सगळं दरबारच्या घोड्यांसाठी, शिकारीसाठी आणि गावच्या गुरांसाठी चाले. खरमोराचा विचार त्यात कुणीच केला नव्हता. पण जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने बीड बंद, आणि नेमके तेच तीन महिने खरमोराच्या विणीचे. कापणीची वेळ येईपर्यंत पिल्लं उडून गेलेली असत. माणसाचं वेळापत्रक आणि पक्ष्याचं वेळापत्रक असं जुळून आलं होतं, आणि कुणाला त्याची किंमत मोजावी लागत नव्हती.

१९८३ च्या अधिसूचनेनं किंमत लावली. अभयारण्याच्या हद्दीत राखीव गवत थोडं होतं. बाकी सगळी खातेदारांची शेतं, गावठाणं, रस्ते. वन्यजीव संरक्षण कायद्याचं विसावं कलम सांगतं की अभयारण्याची अधिसूचना निघाल्यावर त्या हद्दीतल्या जमिनीत वारसाहक्काखेरीज कुणालाही नवा हक्क मिळवता येणार नाही. कलमाचा हेतू वाईट नव्हता. कलेक्टरनं कुणाचा काय हक्क आहे ते तपासावं, भरपाई द्यावी किंवा जमीन हद्दीबाहेर काढावी, आणि तोवर दलालांनी जमिनी उचलू नयेत, एवढ्यासाठी ती तात्पुरती अडसर होती. कायद्यात पुढे दोन वर्षांची मुदतही आली. पण हक्कनिश्चिती रेंगाळली आणि अडसर तशीच राहिली. चौदा गावांतल्या शेतकऱ्यांच्या दोन पिढ्या अशा गेल्या की बापाची जमीन मुलाच्या नावावर चढते, पण विकता येत नाही.

या गावांची निवेदनं, धरणी आणि पुढाऱ्यांना घातलेली गाऱ्हाणी यांतून जे मत पुढे आलं त्याचा गाभा हाच आहे. लग्न, दवाखाना, मुलाचं शिक्षण, कर्जफेड अशा प्रसंगी शेतकरी जमिनीचा तुकडा काढतो. तो काढता येत नाही, म्हणजे अडीनडीला सावकाराकडे जायचं किंवा नुसत्या कागदावर लिहून जमीन ताब्यात द्यायची आणि पुढे भांडत बसायचं. रस्त्यापलीकडच्या गावात महामार्गामुळे जमिनीचे भाव चढताना दिसतात आणि आपल्या जमिनीच्या खसऱ्यावर मात्र अभयारण्याचा शिक्का. हे ऐकून ‘गावकऱ्यांना निसर्गाचं काही पडलेलं नाही’ असा निष्कर्ष शहरात बसून काढणं सोपं आहे. मला तो साफ चुकीचा वाटतो. गवत वाईट आहे किंवा पक्षी नको, अशी ही तक्रारच नाही. तक्रार रजिस्ट्री कचेरीत नाडलं जाण्याची आहे.

आणि आता खरी मेख. ज्या नियमानं खरेदीखत थांबवलं त्यानं नांगर थांबवला नाही. माळव्याची काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात पुष्कळ ठिकाणी पडीक ठेवत. पाणी मुरू द्यायचं, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. पडीक रानात आपोआप गवत माजे, म्हणजे बीडांच्या बाहेरही खरमोराला जागा असे. सत्तरच्या दशकापासून सोयाबीन आलं आणि नेमकी हीच पावसाळी पडीक जमीन त्यानं व्यापली. शेतकऱ्याला वर्षात दुसरं पीक मिळालं, तेलगिरण्या उभ्या राहिल्या, इंदूरला १९८७ साली सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र निघालं. माळव्याच्या घरात पैसा आला तो या पिकानं, आणि त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देणं शुद्ध ढोंग होईल. पण खरमोर काही वेळा सोयाबीनच्या शेतातही वीण करतो. तिथे फवारणी होते, किडे मरतात, कोळपणी चालते, अंडी फुटतात. हे सगळं अभयारण्याच्या हद्दीत कायदेशीरपणे चालू होतं. वनखात्याला एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये याची काळजी होती. त्या जमिनीवर काय उगवतं याच्याशी त्या मनाईला देणंघेणं नव्हतं.

परिणाम आकड्यांत दिसतो. देशभरातले खरमोर १९९९ मध्ये सुमारे ३,५०० होते असा अंदाज होता; २०१७-१८ च्या पाहणीत ते ७०० च्या आत आले. २०२१ मध्ये जागतिक लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. सरदारपूरच्या बीडांत, पानपुऱ्याच्या बाजूला, अलीकडच्या हंगामांत हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच पक्षी. शेतकऱ्यानं चाळीस वर्षं त्रास काढला तो काढला, आणि पक्षीही वाचला नाही.

असं इथेच झालं असतं तर स्थानिक अंमलदारांवर खापर फोडून मोकळं होता आलं असतं. पण सोलापूर-नगरच्या वाचकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची हद्द १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटर आखली गेली. तालुकेच्या तालुके, करमाळ्यासारखी शहरं त्यात आली. बिगरशेती परवानगी, उद्योग, व्यवहार अडले. माळढोक म्हटलं की माणसं चिडू लागली, आणि पुढे हद्द कापून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावी लागली. मधल्या काळात उसानं आणि पाण्याच्या कालव्यांनी माळ खाल्ले, माळढोक जवळजवळ गेला. मध्य प्रदेशातच शिवपुरी जिल्ह्यात करेरा इथे १९८१ साली २०२ चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य झालं, तेही खातेदारांच्या शेतांवर. तिथला माळढोक नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसेनासा झाला. पक्षी गेल्यावरही कित्येक वर्षं जमिनीवरची बंधनं मात्र कायम. तीन ठिकाणी तीच कथा घडते तेव्हा ती योगायोग नसते. वाघाच्या जंगलासाठी केलेला कायदा माणसांनी वापरलेल्या माळावर जसाच्या तसा चढवला की असंच होणार.

आता ‘रहिवासी’ म्हणजे कोण, हेही बघायला हवं, कारण त्यांचं मत एक नाही. राजगढची बाजारपेठ मोहनखेड्याच्या यात्रेकरूंवर आणि महामार्गावर चालते. चौपदरीकरणाचं काम माछलिया घाटात आणि खरमोराच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं रखडलं, तेव्हा व्यापाऱ्यांना आणि रोज जा-ये करणाऱ्यांना अभयारण्य म्हणजे अपघाताचा रस्ता वाटला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. इंदूर-दाहोद रेल्वेची पायाभरणी २००८ मध्ये झाली. ती गाडी कधी सुटते याकडे सगळ्या जिल्ह्याचे डोळे आहेत. ज्याच्याकडे विहीर, मोटर आणि वीसेक बिघे जमीन आहे त्या शेतकऱ्याला विक्रीची मोकळीक हवी. सरदारपूर तहसील राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं, म्हणजे आदिवासी क्षेत्र. इथल्या भिल्ल खातेदाराला आपली जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर अभयारण्य नसतानाही आडकाठी असतेच. त्याच्या दृष्टीनं बीड म्हणजे शेळ्यांचा चारा, छपराचं गवत, डोक्यावर मोळी घेऊन बाजारात न्यायचा माल. हद्द उठली आणि बीडाच्या जागी पवनचक्क्या किंवा शेड उभे राहिले तर पहिला फटका त्याला. पण निवेदनं लिहिणारे आणि भोपाळला जाणारे बहुतेक वेळा दुसरेच असतात, म्हणून हे मत कागदावर क्षीण उतरतं. माझा संशय असा की ‘गावाचं मत’ म्हणून जे आपल्यापर्यंत येतं ते जमिनीच्या आकाराप्रमाणे मोजलेलं असतं.

जिल्ह्यातल्या बाकीच्या ठिकाणी तर मत विचारण्याची वेळच आली नाही. सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं, आणि धार जिल्ह्यातली निसरपूर, चिखल्दा ही नर्मदाकाठची भरलेली गावं पाण्याखाली गेली. पीथमपूरचं औद्योगिक क्षेत्र ऐंशीच्या दशकात आलं, रोजगार आला, त्याबद्दल फारशी कुरकुर नव्हती. पण २०२५ च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाईडचा ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांतून तिथे जाळायला आणला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेतलं. कचरा पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली जाळला गेला. शास्त्रज्ञांनी धोका नाही असं सांगितलं ते खरंही असेल, पण आपल्या गावात काय येणार हे लोकांना ट्रक आल्यावर कळलं. सप्टेंबर २०२५ मध्ये बदनावर तहसिलात भैंसोला इथे दोन हजारांवर एकरांच्या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. कापूस पिकवणाऱ्या निमाड-माळव्याला तो हवाच होता, त्यामुळे स्वागत झालं. विकासाला सरसकट विरोध करणारा माणूस धार जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही.

मग राखण्याचं काम लोकांनी मनापासून केलं असं एखादं उदाहरण या मुलखात आहे का? आहे, आणि ते देवासचं आहे. १९९० मध्ये देवास शहराला रेल्वेगाडीनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं, इतकी तिथली जमीन कोरडी झाली होती. बोअर आणखी खोल, कर्ज आणखी मोठं, हा फेरा टोंकखुर्दच्या बाजूच्या गावांत चालू होता. २००६ मध्ये उमाकांत उमराव नावाचे कलेक्टर आले. त्यांनी शेतकऱ्यांना पर्यावरणाचं प्रवचन दिलं नाही. त्यांनी हिशेब मांडला: बोअरवर आजवर किती घातले, त्यातले किती कोरडे गेले, आणि जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला दिला तर उरलेल्या नऊ हिश्श्यांत दोन पिकं निघून किती उरतील. सुरुवात मोठ्या शेतकऱ्यांपासून केली, कारण खोट खाण्याची ऐपत त्यांचीच. तळं ज्याचं त्यानं आपल्या शेतात, आपल्या पैशानं किंवा कर्जानं खणायचं. अनुदानाची वाट पाहायची नाही. पाहता पाहता जिल्ह्यात हजारो तळी झाली. त्यांना ‘रेवा सागर’ असं झोकदार नाव मिळालं, आणि तळं खणणाऱ्याला भगीरथ म्हणू लागले. पाणी उभं राहिलं तसे बांधांवर झाडं आली, हिवाळ्यात पाणपक्षी उतरू लागले.

पाणपक्षी आणायचे असा इथे कुणाचा संकल्प नव्हता. जमीन शेतकऱ्याच्याच मालकीची राहिली, फायदा त्याच्या खिशात पडला, आणि परिसर सुधारला तो पाठोपाठ. देवासच्या शेतकऱ्याकडून दहावा हिस्सा मागितला गेला आणि त्यानं तो दिला. सरदारपूरच्या शेतकऱ्याचा सगळाच व्यवहार गोठवला, आणि त्याबदली काय मिळेल याचा हिशेब कुणी त्याच्यासमोर मांडला नाही. दोन्ही जिल्ह्यांत माणसं त्याच स्वभावाची आहेत.

महाराष्ट्रातल्या अनुभवालाही हीच कसोटी लावता येते. माधव गाडगीळ समितीनं २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला, तेव्हा तो मराठीत गावोगावी पोचवून ग्रामसभांत चर्चेला घ्यावा अशी अपेक्षा होती. झालं उलट: अहवाल काही काळ दाबून ठेवला, आणि ‘घर बांधता येणार नाही, गुरं पाळता येणार नाहीत’ अशा अफवा त्याच्या आधी गावात पोचल्या. पण सिंधुदुर्गात सावंतवाडी-दोडामार्ग भागातल्या २५ ग्रामसभांनी आपणहून ठराव केले होते की आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या. कळणे गावातली खाण त्यांनी पाहिली होती. संरक्षण म्हणजे आपल्यावर बंधन की आपल्यासाठी कवच, हे समोर खाण आहे की रिकामी फाईल यावर ठरतं. केंद्राच्या मसुदा अधिसूचना त्यानंतरही निघतच राहिल्या; जुलै २०२४ चा सहावा मसुदा महाराष्ट्राच्या १७,३४० चौरस किलोमीटरबद्दल बोलतो, आणि कोकणातल्या गावांची भीती आहे तिथेच आहे.

कास पठाराची गोष्ट तणमोराच्या गवताला आणखी जवळची. २०१२ मध्ये जागतिक वारसा झाल्यावर गर्दीपासून फुलं वाचवायला तिथे जाळीचं कुंपण घातलं. गर्दी थांबली, तशी गुरंही थांबली, आणि चराई बंद झाल्यावर गवत माजून फुलांना दाबू लागलं अशी ओरड झाली. कुंपण काढावं लागलं. गावच्या गुराख्याला हे आधी विचारलं असतं तर जाळीचा खर्च वाचला असता. कासच्या आसपासच्या गावांची समिती प्रवेशशुल्क गोळा करते, तरुणांना हंगामात काम मिळतं, त्यामुळे तिथे फुलं राखावीत की नाही यावर वाद होत नाही. वाद होतो तो शुल्कात कुणाचा वाटा किती यावर. हा वाद मला निरोगी वाटतो. अकोला-वाशीमच्या बाजूला ‘संवेदना’ संस्थेबरोबर फासेपारध्यांनी तणमोराचे माळ राखायला घेतले. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पक्षी मारण्याचा ठपका ठेवला गेला त्यांच्याइतकं त्या गवतातलं कुणाला कळतं?

राजगढ-सरदारपूरला परत यायचं तर गेल्या काही वर्षांत खातेदारांच्या गावांना हद्दीतून मोकळं करण्याचे प्रस्ताव हलले आहेत, आणि ते हलायलाच हवे होते. चाळीस वर्षं अडकवून ठेवलेल्या माणसाला ‘आता आणखी थोडं थांब, पक्षी दुर्मीळ झालाय’ असं सांगायला तोंड कुणाला आहे? पण मोकळीक मिळाली की उरलेल्या बीडांचं काय, हा प्रश्न तेवढाच निकडीचा. सैलान्याच्या बाजूला वनखात्यानं खरमोर दाखवणाऱ्या आणि शेतात त्याला सुखरूप ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना काही हजार रुपयांचं बक्षीस देण्याची योजना चालवली. कल्पना चांगली, तरी बक्षीस पक्षी आला तर. गवत राखलं म्हणून काही नाही. पक्षी येणं शेतकऱ्याच्या हातात नाही, पावसाळ्यात तीन महिने चार बिघे पडीक ठेवणं आहे. एका हंगामाच्या सोयाबीनइतकी रक्कम त्या चार बिघ्यांसाठी मोजली, आणि गवत दिवाळीला कापायचा हक्क त्यालाच ठेवला, तर त्याचा हिशेब देवाससारखाच मांडून दाखवता येतो.

हे गावाला विचारायला जागाही आहे. मध्य प्रदेशात आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारे पेसा नियम १५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाले. अनुसूचित क्षेत्रात जमीन घेताना ग्रामसभेचा सल्ला घ्यावा लागतो, आणि गावची कुरणं-तळी सांभाळण्यात तिचा अधिकार चालतो. राज्यात ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा चार: २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. जानेवारी-एप्रिलमध्ये धार-झाबुआच्या भिल्ल वस्त्यांमधली धट्टीकट्टी माणसं गुजरातेत मजुरीला गेलेली असतात, आणि गवतही वाळून कापलेलं असतं. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी चालू, माणसं शेतात. उरली १५ ऑगस्टची सभा. तेव्हा पेरणी-निंदणी आटोपून लोक गावात असतात, बीड हिरवं आणि बंद असतं, आणि खरमोर आला असेल तर उड्या मारत असतो. अभयारण्याचा विषय त्या तारखेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला भोपाळचा हुकूम लागत नाही.